उघड्या पाण्याचे देणे

अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या उत्तरेला साउथ प्लॅट नदीचा काठ विमानातून पाहिला, तर तळ्यांची एक लांबलचक माळ दिसते. नीट पाहिले की शंका येते. तळ्यांचे काठ सरळ आहेत, कोपरे जवळजवळ काटकोनात आहेत आणि दोन तळ्यांच्या मधली वाट ट्रक जाईल एवढीच रुंद आहे. डेन्व्हरचे रस्ते, पूल आणि इमारतींसाठी वाळू आणि खडी जिथून काढली, ते हे खड्डे. काम संपले, यंत्रे गेली आणि खड्ड्यांत पाणी राहिले. आता तिथे बदके येतात, लोक गळ टाकून बसतात, काठावरच्या भूखंडांना चांगला भाव येतो.

हे पाणी पावसाचे नाही. ते कोणी आणून ओतलेलेही नाही. ते जमिनीखालून आले आहे, म्हणजे फेऱ्याने पाहिले तर नदीचेच आहे. दर उन्हाळ्यात त्यातला मोठा वाटा उन्हाने उडून जातो. उडून गेलेल्या या पाण्याचा हिशेब कोलोरॅडो राज्यात महिन्यागणिक ठेवला जातो आणि तेवढे पाणी खाणवाल्याला नदीला परत द्यावे लागते. बहुतेक खाणवाल्यांकडे स्वतःचे पाणी नसते. ते भाड्याने घेतात. पाणी भाड्याने घेऊन नदीचे देणे फेडायचे, हा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो. पण त्यामागचे विज्ञान सरळ आहे आणि त्यातली अडचणही खरी आहे.

आधी जमिनीखाली काय आहे ते पाहू. साउथ प्लॅट ही रॉकी पर्वतातून निघून मैदानात उतरणारी, सुमारे 700 किलोमीटर लांबीची नदी. पर्वतातून तिने हजारो वर्षे गोटे, खडी, वाळू वाहून आणली आणि पात्राच्या दोन्ही अंगांना पसरून ठेवली. या थराची जाडी अनेक ठिकाणी दहा-पंधरा मीटर भरते आणि त्याखाली शेल हा पाणी न झिरपू देणारा खडक आहे. गोट्या-वाळूच्या फटींत पाणी भरलेले असते आणि ते नदीशी सतत देवाणघेवाण करते. नदी भरून वाहते तेव्हा पाणी थरात शिरते, नदी उतरली की थरातले पाणी पात्रात येते. डोळ्यांना दिसणारी नदी शंभर फूट रुंद असेल; न दिसणारी नदी तिच्या दोन्ही बाजूंना कधी कधी मैलभर पसरलेली असते.

खाणवाला या न दिसणाऱ्या नदीत खणतो. वरची माती बाजूला काढली, काही फूट खाली गेले की पाणी लागते. खणणे चालू असते तोवर पंप लावून खड्डा कोरडा ठेवता येतो. उपसलेले पाणी बहुतेक वेळा पुन्हा नदीतच सोडले जाते, त्यामुळे या टप्प्यात नुकसान तुलनेने कमी असते. पंप बंद झाले की खड्डा भरू लागतो. तो भरण्यासाठी भोवतालच्या थरातून पाणी येते, म्हणजे तेवढे पाणी नदीपर्यंत पोहोचत नाही. खड्डा एकदा पूर्ण भरला, की मग बाष्पीभवनाचे कायमचे खाते सुरू होते. वाळूच्या थराखाली दहा फुटांवर असलेल्या पाण्याला ऊन लागत नव्हते. वरची चादर काढून घेतल्यावर तेच पाणी आता आकाशाकडे तोंड करून पडलेले असते.

आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर इथे शहराबाहेरच्या दगडखाणींत साठलेले हिरवट पाणी येईल. ते प्रकरण थोडे वेगळे. सह्याद्रीचा काळा पाषाण सलग आणि कठीण; त्यातल्या खाणीचा नदीशी एवढा थेट संबंध बहुधा नसतो. साउथ प्लॅटसारखा गाळाचा जाड थर महाराष्ट्रात पाहायचा तर जळगाव, बुलडाणा, अकोल्याच्या तापी-पूर्णा खोऱ्यात जावे लागेल. वाळूउपशाचे आपले भांडण बहुतांशी पात्रातल्या वाळूचे आहे. कोलोरॅडोतले भांडण काठावरच्या, खासगी मालकीच्या शेतजमिनीतल्या खड्ड्याचे आहे. जमीन माझी, खड्डा माझा, मग पाणी कोणाचे?

त्याचे उत्तर दीडशे वर्षे मागे सापडते. 1870 साली पूर्वेकडून आलेल्या लोकांनी ग्रीली नावाची वसाहत वसवली आणि कॅश ला पूडर या साउथ प्लॅटच्या उपनदीवरून कालवे काढले. चारच वर्षांत, 1874 च्या दुष्काळी उन्हाळ्यात, वरच्या अंगाला फोर्ट कॉलिन्सच्या लोकांनी नवे कालवे काढून पाणी उचलले आणि ग्रीलीचे कालवे कोरडे पडले. बंदुका निघायचीच वेळ आली होती. या आणि अशा भांडणांतून एक तत्त्व पक्के झाले: ज्याने पाणी आधी वापरात आणले, त्याचा हक्क आधी. 1876 च्या राज्यघटनेत ते आले आणि 1882 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नदीकाठी जमीन असणे हा निकष नाही. तारीख हा निकष आहे. (योगायोग असा, की त्याच 1882 साली ब्रिटिश हिंदुस्थानात जो ईझमेंट कायदा झाला, त्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे असे धरले. आपली विहीर-बोअरवेलची सगळी कथा त्या एका गृहीतावर उभी आहे.)

कोलोरॅडोत प्रत्येक पाणीहक्काला तारीख असते. नदीला पाणी कमी पडले आणि खालच्या अंगाच्या जुन्या हक्कदाराला त्याचा वाटा मिळेना, की तो राज्याच्या पाणी अधिकाऱ्याकडे मागणी नोंदवतो. तिथल्या भाषेत त्याला ‘कॉल’ म्हणतात. कॉल लागला की वरच्या अंगाच्या, त्याच्यापेक्षा नंतरच्या तारखेच्या सगळ्यांनी पाणी घेणे थांबवायचे. 1870 चा कालवा तहानलेला असताना 1985 च्या खाणीला पाण्यावर हक्क सांगता येत नाही. शिवाय राज्याच्या सीमेपलीकडे नेब्रास्का आहे. 1923 च्या करारानुसार एप्रिल ते मध्य ऑक्टोबर या काळात सीमेवरचा प्रवाह सेकंदाला 120 घनफुटांच्या, म्हणजे सुमारे 3,400 लिटरच्या खाली गेला, तर कोलोरॅडोला खालच्या टप्प्यातले 1897 च्या मध्यानंतरचे हक्क थोपवावे लागतात. थोडक्यात, साउथ प्लॅटचे पाणी केव्हाच वाटून संपले आहे. नव्याला जागा नाही.

मग ज्याला नव्याने पाणी हवे त्याने काय करायचे? 1969 च्या कायद्याने वाट दिली. विहिरीचा आणि नदीचा संबंध मान्य करून कायदा म्हणाला: तू कॉलच्या काळातही पाणी वापर, पण तुझ्यामुळे नदीत जेवढी घट येईल तेवढे पाणी दुसरीकडून आणून योग्य जागी, योग्य वेळी नदीत घाल. त्याला भरपाई योजना म्हणू.

खाणवाल्यांना वाटत होते, हे विहीरवाल्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आम्ही पाणी उपसत नाही, कोणाला देत नाही, पिकाला घालत नाही; ऊन पाणी पिते त्याला आम्ही काय करणार? हा युक्तिवाद झिगन नावाच्या खाणकंपनीच्या खटल्यात कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. समोर कॅश ला पूडर नदीच्या पाणीवापरकर्त्यांची संघटना होती. 1988 मध्ये निकाल लागला: भूजल उघडे पाडणारा खाणीचा खड्डा ही कायद्याच्या दृष्टीने विहीरच आहे आणि तिच्यातल्या बाष्पीभवनाची भरपाई करावी लागेल. उपसायला पंप असो की सूर्य, नदीतून गेलेले पाणी तेवढेच.

निकालाने धांदल उडाली, कारण तोवर नदीकाठी ढीगभर जुने खड्डे झाले होते. त्यांचे काही मालक मेले होते, काही कंपन्या बुडाल्या होत्या. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, विधिमंडळाने तोडगा काढला. 31 डिसेंबर 1980 पर्यंत उघडे पडलेले पाणी बाष्पीभवनाच्या भरपाईतून वगळले. त्यानंतर उघडे पडलेल्या पाण्याची भरपाई सक्तीची केली. हा तोडगा राजकीय होता हे उघड आहे. 1979 च्या तळ्यावरून वाफ कमी होते असे कोणतेही भौतिकशास्त्र सांगत नाही. पण कुठेतरी रेघ ओढायची होती, ती ओढली.

आता हिशेब. राज्याचे अभियंते तळ्यावरच्या बाष्पीभवनासाठी अमेरिकी हवामान खात्याचे नकाशे वापरतात. ग्रीलीच्या आसपास उघड्या पाण्यावरून वर्षाला साधारण 45 इंच पाणी उडते. त्या भागात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सुमारे 14 इंच, आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. यातल्या पावसाच्या एका हिश्श्याची, रूढ पद्धतीनुसार 70 टक्क्यांची, खाणवाल्याला सूट मिळते. कारण खड्डा नसता तर तेवढे पाणी तिथल्या गवताने प्यायलेच असते. म्हणजे 45 मधून 10 वजा, उरले 35 इंच, अदमासे 2.9 फूट.

समजा तळे 20 एकरांचे आहे. 20 गुणिले 2.9, म्हणजे वर्षाला 58 एकर-फूट. एक एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एकर-फूट. लिटरमध्ये 12 लाख 33 हजार. तर हे एक मध्यम आकाराचे तळे वर्षाला सुमारे 7 कोटी 15 लाख लिटर पाणी नुसते आकाशात पाठवते. जलजीवन मिशनच्या दरडोई 55 लिटरच्या निकषाने साडेतीन हजार वस्तीच्या गावाचे वर्षभराचे पाणी.

याउलट खाण प्रत्यक्ष चालू असताना कामासाठी लागणारे पाणी किती? धुतलेल्या वाळू-खडीबरोबर ट्रकमधून ओलावा बाहेर जातो. तो वजनाच्या 4 टक्के धरतात. वर्षाला तीन लाख टन माल निघाला तर 12 हजार टन पाणी, म्हणजे जेमतेम 9 एकर-फूट. धूळ बसवायला रस्त्यांवर टँकर फिरतो त्याचे आणखी थोडे. उत्पादनाचे पाणी आणि उन्हाचे पाणी यांची तुलनाच होत नाही. आणि मुख्य फरक पुढे आहे. शेवटचा ट्रक गेला की ओलाव्याचे खाते बंद होते, धुळीचेही होते. 58 एकर-फुटांचे खाते दुसऱ्या वर्षी चालू राहते, दहाव्या वर्षी आणि शंभराव्या वर्षीही.

मग काही चतुर लोकांच्या मनात प्रश्न आला: नदीकाठची झाडे तोडली तर? तिथे कॉटनवूड नावाची मोठी झाडे असतात, त्यांची मुळे थेट भूजलात असतात आणि ती भरमसाट पाणी पितात. झाडे काढली, तेवढे पाणी वाचले, त्याचे श्रेय आम्हाला द्या. अशी मागणी आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात एका शेतीकंपनीने खरोखर केली होती. 1974 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. झाडे कापून वाचलेले पाणी नदीचे, म्हणजे ज्येष्ठ हक्कदारांचे, कापणाऱ्याचे नाही. नाहीतर काठावर एक झाड शिल्लक राहिले नसते, हे न्यायालयाला दिसत होते. मला या सगळ्या पाणीकायद्यातला हा निकाल सर्वांत शहाणा वाटतो.

भरपाई किती, हे कळले. केव्हा, हा त्याहून अवघड प्रश्न. वर्षाच्या बाष्पीभवनातले 15 टक्के एकट्या जुलैत होते, जानेवारीत फक्त 3 टक्के. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत 43 टक्के. पण जुलैत तळ्यातून उडालेल्या पाण्याची घट नदीला जुलैतच जाणवते असे नाही. तळ्याची पातळी थोडी उतरते, भोवतालच्या थरातून पाणी तिकडे सरकते, त्याच्या मागचे आणखी सरकते, आणि ही ओढ हळूहळू नदीच्या काठापर्यंत पोहोचते. तळे नदीला लागून असेल तर काही दिवसांत. दूर असेल तर काही महिन्यांत, कधी काही वर्षांत.

हा उशीर मोजण्याचे सूत्र रॉबर्ट ग्लोव्हर या अभियंत्याने बाल्मर या सहकाऱ्याबरोबर 1954 मध्ये मांडले. ते मुळात विहिरीसाठी होते. पण खड्डा ही विहीरच ठरल्यावर तेच खाणीला लागू झाले. उशीर तीन गोष्टींवर ठरतो: नदीपासूनचे अंतर, थरात किती पाणी मावते आणि थरातून पाणी किती सहज सरकते. यातले अंतर वर्गाने मोजले जाते. म्हणजे अंतर दुप्पट झाले की उशीर चौपट. नदीपासून 200 मीटरवरच्या खड्ड्याची घट महिन्याभरात नदीला लागत असेल, तर तशाच थरातल्या 400 मीटरवरच्या खड्ड्याची लागायला चार महिने. जुलैचे ऊन नोव्हेंबरात नदीला टोचते. नोव्हेंबरात शेतीचे कालवे बंद असतात, पण त्याच काळात जुन्या हक्काची धरणे भरली जात असतात, त्यामुळे कॉल हिवाळ्यातही असू शकतो. खाणवाल्याने तेव्हा पाणी हजर करायचे.

हे पाणी येते कुठून? ते टँकरने किंवा नळाने आणून नदीत ओततात असे कोणी समजेल. बहुतेक वेळा ते आधीच नदीत वाहत असते.

त्यासाठी पर्वतापलीकडे जावे लागते. रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर बर्फ जास्त आणि माणसे कमी. पूर्व उतारावर उलटे. म्हणून गेल्या शतकात पूर्वेच्या शहरांनी डोंगर पोखरून पश्चिमेचे पाणी इकडे आणले. डेन्व्हरसाठी 1936 मध्ये मॉफट बोगद्यातून पाणी सुरू झाले, 1960 च्या दशकात 37 किलोमीटर लांबीचा रॉबर्ट्स बोगदा झाला. पाणीकायद्यात या पाण्याला खास मान आहे. ते साउथ प्लॅट खोऱ्याचे मूळचे नाही, त्यामुळे खालच्या अंगाच्या कोणा ज्येष्ठाचा त्यावर हक्क लागत नाही. आणणाऱ्याने ते एकदा वापरावे, दुसऱ्यांदा वापरावे, अगदी संपेपर्यंत वापरावे. सगळ्या पलीकडच्या पाण्याला मात्र ही मुभा नाही. कोलोरॅडो-बिग थॉम्पसन या केंद्र सरकारने बांधलेल्या मोठ्या प्रकल्पाचे पाणी एकदा वापरून झाले की पुढचा प्रवाह सगळ्या खोऱ्याचा. उलट, 1985 मध्ये पूर्ण झालेल्या विंडी गॅप प्रकल्पाचे पाणी शहरांना पुन्हा वापरता येते.

आता असे समजा, की एका शहराने हे पुनर्वापराचे पाणी घराघरांत दिले. अंघोळी, भांडी, संडास यांतून ते गटारात गेले, शुद्धीकरण केंद्रातून स्वच्छ होऊन नदीत आले. नदीत आले तरी कागदावर ते अजून शहराचेच आहे. डेन्व्हरच्या उत्तरेला वर्षातला बराच काळ साउथ प्लॅटच्या प्रवाहातला मोठा हिस्सा हे प्रक्रिया केलेले सांडपाणीच असते. खाणकंपनी शहराकडे जाते आणि म्हणते, या वर्षी तुमच्या या पाण्यातले 70 एकर-फूट आम्हाला भाड्याने द्या. करार होतो. शुद्धीकरण केंद्राच्या नळातून तेच पाणी, तितकेच, तिथेच पडत राहते. बदलते फक्त त्याच्या नावावरची नोंद: कालपर्यंत शहर ते पुढे उचलून पुन्हा वापरू शकत होते, आजपासून ते खाणीच्या भरपाईपोटी ज्येष्ठ हक्कदारांसाठी नदीत सोडलेले आहे.

हे हातचलाखीसारखे वाटेल, पण तसे नाही. शहराने तेवढ्या पाण्यावरचा हक्क खरोखर सोडलेला असतो. अटीही कडक आहेत. भाड्याचे पाणी ज्या हक्कदाराचा कॉल आहे त्याच्या वरच्या अंगाला नदीत आले पाहिजे. खालून देऊन चालत नाही. केंद्रापासून खाणीपर्यंत वाहत येताना जी गळती होते ती मैलागणिक वजा होते. आणि दर महिन्याचा तक्ता पाणी अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे: एवढे क्षेत्र उघडे, एवढे बाष्पीभवन, एवढा माल, एवढी उशिराची घट, एवढी भरपाई. शेवटच्या रकान्यात उणे चिन्ह आले की खुलासा द्यावा लागतो. शहराचे सांडपाणी बारा महिने सारखे येते, हा मोठाच फायदा. नोव्हेंबरातल्या उशिराच्या घटीलाही ते हजर असते.

पाणी न्यायालयाकडून कायमची भरपाई योजना मंजूर करून घ्यायला वर्षे जातात, वकील आणि अभियंते लागतात. म्हणून बहुतेक खाणी राज्य अभियंत्याकडून तात्पुरती ‘पर्यायी पाणीपुरवठा योजना’ मंजूर करून घेतात. तिची मुदत एक-दोन वर्षांची. संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा करार, पुन्हा तक्ते.

आणि इथेच सगळ्या व्यवस्थेचे दुखणे आहे. देणे कायमचे आणि फेड वर्षाच्या करारावर.

हे दुखणे आधी दिसले ते खाणींत नव्हे, शेतीच्या विहिरींत. 1972 मध्ये साउथ प्लॅटच्या काठच्या विहीरमालकांनी एक संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘गॅस्प’ म्हणत. नाव पुढे भलतेच खरे ठरले, कारण इंग्रजीत या शब्दाचा अर्थ धाप लागणे. संघटना सभासदांच्या वतीने दरवर्षी पाणी भाड्याने घेई आणि नदीची भरपाई करी. तीस वर्षे बरे चालले. 1980 आणि 1990 च्या दशकांत पाऊस-बर्फ चांगला होता, शहरांकडे जादा पाणी होते, भाडे परवडत होते. 2002 मध्ये भयंकर दुष्काळ पडला. शहरांनी आपले पाणी आपल्याकडे ठेवले. भाडे वाढले हे खरे, पण पैसे मोजूनही मिळेना हे अधिक खरे. त्यातच राज्य अभियंत्याने वर्षानुवर्षे अशा तात्पुरत्या योजना मंजूर करत राहण्याला कायद्याचा आधार नाही, असे 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि विधिमंडळाला घाईने नवे नियम करावे लागले. गॅस्प काही वर्षांत मोडली. 2006 च्या वसंतात, पेरण्या झालेल्या असताना, दुसऱ्या एका गटातल्या 400 हून अधिक विहिरी बंद करण्याची पाळी आली. उभी पिके होती, विहिरीत पाणी होते, पंप चालू करायला परवानगी नव्हती.

विहीर निदान बंद करता येते. खाणीच्या तळ्याला बटण नाही. भाड्याचे पाणी मिळाले नाही म्हणून त्या वर्षी बाष्पीभवन थांबवता येत नाही. उलट दुष्काळात ऊन जास्त आणि हवा कोरडी, त्यामुळे देणे वाढलेले असते. ज्या वर्षी नदीला भरपाईची सर्वांत जास्त गरज, नेमके त्याच वर्षी भाड्याचे पाणी सर्वांत दुर्मीळ. सुकाळातसुद्धा शहरे वाढत आहेत. आज जे सांडपाणी ती भाड्याने देतात, तेच उद्या शुद्ध करून स्वतः पुन्हा पिणार आहेत. डेन्व्हरशेजारच्या ऑरोरा शहराने 2010 मध्ये तसे सुरूही केले. आपले पुनर्वापराचे पाणी ब्रायटन गावाजवळ नदीकाठच्या विहिरींतून परत उचलून, शुद्ध करून ते शहराला देते.

राज्यालाही हे कळत होते. खाण संपल्यावर कंपनी तळे कोणाला तरी विकून निघून गेली तर भाडे कोण भरणार? म्हणून 2010 मध्ये खाण-पुनर्वसन खात्याने कंपन्यांना सांगितले, की भूजल उघडे टाकणार असाल तर त्याचा कायमचा बंदोबस्त करायला लागेल एवढी हमीची रक्कम आधी भरा. बंदोबस्ताचे मार्ग मोजके. खड्डा मातीने पुन्हा बुजवायचा, म्हणजे चादर परत घालायची. भाड्याऐवजी स्वतःच्या मालकीचा पाणीहक्क त्या तळ्याच्या नावे कायमचा बांधून टाकायचा. तो विकत घेणे अतिशय महाग. किंवा तळ्याचा भूजलाशी संबंधच तोडायचा.

हा शेवटचा मार्ग अभियांत्रिकीदृष्ट्या मोठा मनोरंजक आहे. खड्ड्याभोवती साधारण मीटरभर रुंदीचा चर थेट खालच्या शेलपर्यंत खणतात. चर ढासळू नये म्हणून खणतानाच त्यात बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा पातळ चिखल भरून ठेवतात आणि मग माती आणि बेंटोनाइट कालवून तो भरून काढतात. जमिनीखाली एक न दिसणारी भिंत उभी राहते. बांधकाम जमले की नाही हे पाहायला खड्डा रिकामा करून नव्वद दिवस आत किती पाणी झिरपते ते मोजतात. परीक्षेत उतरला तर तो खड्डा कायद्याने विहीर राहत नाही, टाकी होतो. मग शहरेच तो विकत घेतात. थॉर्नटन, डेन्व्हर यांनी असे अनेक खड्डे पाणी साठवायला घेतले आहेत. ज्या खड्ड्यासाठी कंपनी शहराकडून पाणी भाड्याने घेत होती, तोच खड्डा शहराच्या मालकीचा जलाशय होतो.

भिंतीचे उपद्रवही आहेत. भूजल उतारावरून वाहत असते. त्याच्या वाटेत भिंत आली की वरच्या अंगाला ते तुंबते आणि खालच्या अंगाला थर कोरडा पडतो. एका भिंतीने फार बिघडत नाही. नदीकाठी एकामागून एक अशी कुंपणे झाली, की वरच्या बाजूच्या घरांच्या तळघरांत ओल येते आणि खालच्या बाजूच्या विहिरींची पातळी उतरते. आणि बाष्पीभवन टाकीतूनही होतेच. फक्त ते आता शहराच्या स्वतःच्या साठवलेल्या पाण्यातून होते, नदीच्या नव्हे.

खड्डा बुजवला किंवा भिंत बांधली, तरी त्या दिवशी हिशेब मिटत नाही. ग्लोव्हरच्या सूत्रातला उशीर इथेही लागू असतो. नदीपासून दूरच्या तळ्यावरून मागच्या दोन-तीन उन्हाळ्यांत उडालेल्या पाण्याची घट अजून वाटेतच असते आणि ती पुढची काही वर्षे थोडी थोडी नदीला लागत राहते. तक्त्यातला ‘उघडे क्षेत्र’ हा रकाना शून्य झालेला असतो. ‘उशिराची घट’ या रकान्यात आकडे येत राहतात. तोवर कंपनीला शहराकडे भाड्याच्या पाण्यासाठी जावेच लागते. तिथे आता खड्डा उरलेला नसतो.